राज्यशास्त्राचा प्रबंध : पैसे कुठे घालावेत, कुठे राखावेत

पीएच.डी.ची नोंदणी झाली किंवा एम.ए.च्या शोधप्रकल्पाचा विषय मंजूर झाला, की विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात हमखास फिरते : ‘एसपीएसएस अ‍ॅनालिसिस करून मिळेल, तक्ते आणि निष्कर्षासह.’ फोन केला तर पलीकडचा माणूस विषय विचारत नाही. प्रश्नावलीत प्रश्न किती, फॉर्म किती भरलेत आणि सबमिशन कधी, एवढं विचारतो आणि आकडा सांगतो. निष्कर्ष कोणत्या बाजूने हवाय, असं विचारणारे महाभागही आहेत.

हे एसपीएसएस १९६८ साली ज्यांनी उभं केलं, त्यांतला नॉर्मन नाय स्टॅनफर्डमध्ये राज्यशास्त्राचाच संशोधक विद्यार्थी होता. सर्वेक्षणाचे आकडे आपले आपल्याला हाताळता यावेत म्हणून त्याने दोन सहकाऱ्यांना घेऊन ते बनवलं. आज राज्यशास्त्राचा विद्यार्थी तेच काम पैसे मोजून दुसऱ्याकडून करून घेतो आणि व्हायव्हात ‘काय-स्क्वेअर का लावला?’ या पहिल्याच प्रश्नाला अडखळतो.

तेव्हा या कामासाठी कोणाला पैसे देऊ नका, आणि शक्यतो सॉफ्टवेअरलाही देऊ नका. पैसा लागतो तो माणसांच्या वेळेला : मुलाखती टाइप करायला, स्कॅन केलेला मराठी मजकूर वाचण्याजोगा करायला, दारोदार हिंडायला. खर्चाची पट्टी हवी असेल तर यूजीसीची घ्या. जेआरएफ मिळालेल्यांना मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांसाठी आकस्मिक खर्च म्हणून पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये आणि पुढे २०,५०० रुपये मिळतात. ज्यांना काहीच मिळत नाही त्यांनीही हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. मोठं सर्वेक्षण सोडलं, तर मुंबईच्या उपनगरात राहून होणारं बरंचसं काम यात बसवता येतं. ज्यांना हा निधी मिळतो त्यांनी प्रत्येक खरेदीचं बिल स्वतःच्या नावाने घ्यावं. बिल नसेल तर खर्च झालाच नाही असं धरलं जातं.

आधी फुकट मिळणारी सामग्री

एक उदाहरण धरून चालू. विषय आहे नोटा, आणि मतदारसंघ अंधेरी पूर्व. ३ नोव्हेंबर २०२२ च्या पोटनिवडणुकीत भाजपने उमेदवार मागे घेतला, ऋतुजा लटके ६६,५३० मतं मिळवून जिंकल्या, आणि दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हता; नोटा होता, १२,८०६ मतांचा. पडलेल्या मतांपैकी जवळपास १५ टक्के. बातम्यांत हाच आकडा गाजला. पण मतदानच झालं होतं ३१.७४ टक्के. यादीतल्या सगळ्या मतदारांशी ताडून पाहिलं, तर नोटाचं बटण दाबणारे पाच टक्केही भरत नाहीत. हा हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. भाजक कोणता धरायचा हे मात्र अभ्यासकानेच ठरवायचं असतं. महागातलं महाग पॅकेजही ते ठरवून देत नाही.

पुढची पायरी मतदान केंद्रांची. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली हे ‘फॉर्म २०’मध्ये असतं आणि तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघनिहाय फुकट मिळतो. जुन्या निकालांचे तयार तक्ते अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरच्या ‘लोक ढाबा’वर आहेत. उमेदवारांची मालमत्ता आणि गुन्ह्यांची शपथपत्रं एडीआरच्या ‘मायनेता’वर. सीएसडीएसच्या ‘लोकनीती’ची सर्वेक्षणं रीतसर मागणी करून मिळवावी लागतात, त्यासाठी मार्गदर्शकांचं पत्र हाताशी ठेवा.

इथे एक धोक्याची जागा आहे. समजा, ज्या केंद्रांच्या हद्दीत चाळवस्ती जास्त, तिथे नोटा जास्त निघाला. म्हणून चाळीतल्या लोकांनी नोटा दाबला असं लिहिता येत नाही. त्याच केंद्रावरच्या टॉवरवाल्यांनीही तो दाबलेला असू शकतो. विल्यम रॉबिन्सन यांनी ही गफलत १९५० मध्येच दाखवली. तिच्यातून वाट काढण्याची गॅरी किंग यांची १९९७ ची पद्धत आज ‘आर’मध्ये फुकट चालवता येते, पण तीही काही गृहीतकांवर उभी आहे आणि ती गृहीतकं प्रबंधात लिहावी लागतात. बाहेरून करून घेतलेल्या अ‍ॅनालिसिसमध्ये नेमका हाच परिच्छेद गायब असतो.

जे संकेतस्थळावर नाही ते माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींना पानाला २ रुपये. कागद नुसते पाहायचे असतील तर पहिला तास मोफत, पुढे दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. पहिल्या अपिलाला २० रुपये. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. या नियमामुळे पाल्हाळिक अर्ज परत येतात, म्हणून ‘अमुक वर्षातील अमुक कागदाची प्रत’ इतकंच मागा. आधी जाऊन फाइल पाहावी आणि मग हवी तेवढीच पानं मागावीत. न पाहता ‘सर्व कागदपत्रे’ मागितलीत, तर दोन रुपयांचा गुणाकार हजारांत जातो.

नकाशा काढणार असाल तर क्यूजीआयएस घ्या. ते पूर्ण मोफत आहे. मुंबईत अडचण सॉफ्टवेअरची नाही, हद्दींची आहे. महापालिकेचे प्रशासकीय वॉर्ड वेगळे : अंधेरीचे के-पूर्व आणि के-पश्चिम, बोरिवलीचा आर-मध्य, घाटकोपरचा एन, मुलुंडचा टी. नगरसेवक निवडून देणारे २२७ प्रभाग वेगळे, आणि विधानसभेच्या हद्दी त्याहून वेगळ्या. लोक बोलताना सगळ्यांनाच वॉर्ड म्हणतात. त्यात २०१२ आणि २०१७ या दोन्ही निवडणुकांत प्रभाग २२७ च होते, पण २०१७ ला त्यांची फेररचना झालेली होती. मध्यंतरी संख्या २३६ करायचं ठरलं आणि पुन्हा २२७ वर आलं. तेव्हा प्रभाग क्रमांक तोच दिसला म्हणून दोन निवडणुकांची सरळ तुलना करू नका. एमए पातळीवर हा नकाशा जुळवण्यात महिना गेला तर नवल नाही. वेळापत्रकात तो आधीच धरा.

सॉफ्टवेअर : कशाला किती

एसपीएसएसचं वर्गणी पद्धतीचं मूळ पॅकेज महिन्याला शंभर डॉलरच्या आसपास पडतं. आपल्या पैशात आठ-नऊ हजार, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढेच. विद्यार्थ्यांसाठीची स्वस्त आवृत्ती विक्रेत्यांकडून मिळते, पण ती मुदतीची असते. प्रबंध लांबला, आणि तो लांबतोच, की पुन्हा खरेदी. स्टाटाच्या विद्यार्थी-परवान्याचे सहा महिने, वर्ष आणि कायमचा असे प्रकार आहेत. परदेशी विद्यापीठातल्या कोणाबरोबर काम करणार असाल तर स्टाटाचा विचार करावा, एरवी नाही.

‘आर’ फुकट आहे, आरस्टुडिओ फुकट आहे, आणि राज्यशास्त्रात आज ज्या नव्या पद्धती निघतात त्या बहुधा आधी ‘आर’मध्ये येतात. कोड लिहायची भीती वाटत असेल तर जामोव्ही किंवा जॅस्प घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि माउसवर चालतात. ज्यांच्या विभागात ‘एसपीएसएसच हवं’ असा हट्ट आहे त्यांनी पीएसपीपी वापरून पाहावं. तोंडवळा सारखा, किंमत शून्य, आणि एसपीएसएसची फाइल त्यात उघडते. विकत घेण्याआधी कॉलेजच्या अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र विभागात जाऊन विचारा. एखाद्या लॅबमधल्या दोन संगणकांवर परवाना असतो आणि त्याची वापरणाऱ्यांनाच कल्पना नसते.

रस्त्यावरच्या किंवा टेलिग्रामवरच्या ‘क्रॅक’ प्रतीच्या वाटेला जाऊ नका. कायदा बाजूला ठेवला तरी त्याच संगणकात तुमच्या उत्तरदात्यांची नावं आणि फोन नंबर असतात. विश्वासाने दिलेल्या माहितीत व्हायरसला वाट करून देण्यासारखं ते आहे.

मुलाखतींचं कोडिंग करण्यासाठी एनव्हीवो, अ‍ॅटलास-टीआय, मॅक्सक्यूडीए ही विकतची नावं प्रसिद्ध आहेत. वीस-तीस मुलाखतींना त्यांची गरज नाही. टॅगेट आणि क्वालकोडर मोफत आहेत, मराठी मजकूर नीट दाखवतात. खरं सांगायचं तर दहा मुलाखती असतील तेव्हा छापील कागद आणि चार रंगांची पेनं यांनी होणारं वाचन जास्त बारकाईचं होतं.

संदर्भांसाठी झोटेरो. ते मोफत आहे. त्याची ३०० एमबी ऑनलाइन जागा पीडीएफनी लवकर भरते. २ जीबीसाठी वर्षाला २० डॉलर लागतात, म्हणजे अठराशे रुपयांच्या आसपास. मी म्हणेन, तेही देऊ नका. झोटेरोत फक्त नोंदी जुळत्या ठेवा आणि पीडीएफ वेगळ्या ठिकाणी. गूगलची १०० जीबी जागा वर्षाला १,३०० रुपयांत येते आणि तिथे मुलाखतींचे ऑडिओही मावतात. या संपूर्ण यादीतला मला पटलेला डिजिटल खर्च तेवढाच.

संगणक नवाच हवा असं नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला वापरलेला लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवर वीस हजारांच्या आगेमागे मिळतो. बिल आणि निदान तीन महिन्यांची हमी लेखी घ्या, बॅटरी तिथेच अर्धा तास चालवून पाहा.

मराठी मजकूर : इथे वेळ जातो

मतदारयाद्या पीडीएफमध्ये मिळतात, पण त्या चित्रस्वरूपात असतात. नाव शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही. जुने सरकारी अहवाल श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. कॉपी केलं की रोमन अक्षरांचा चिवडा हाती येतो. पहिल्या दुखण्यावर ओसीआर, दुसऱ्यावर फाँट कन्व्हर्टर. पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की देवनागरी बरीच नीट वाचली जाते. शेकडो पानं असतील तर टेसेरॅक्टची मराठी आवृत्ती घ्या. दोन्ही मोफत. जोडाक्षरं आणि आडनावं मात्र हाताने तपासावी लागतात, आणि तक्त्यांतले ५ आणि ६ तर हमखास.

भाषणांचा किंवा अग्रलेखांचा शब्दवार अभ्यास करणाऱ्यांसाठी ‘आर’मधलं क्वांटेडा हे मोफत पॅकेज आहे. मराठीत ते लावलं, की ‘अंधेरी’, ‘अंधेरीत’, ‘अंधेरीच्या’, ‘अंधेरीकर’ हे चार वेगळे शब्द मोजले जातात. इंग्रजीसाठी प्रत्यय छाटण्याची सोय आयती असते. आपल्याला ती यादी बसून करावी लागते. आयआयटी मुंबईचं मराठी वर्डनेट आणि पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाची ‘महाबर्ट’सारखी प्रारूपं यात कामी येतात. प्रबंधाच्या शेवटी ही यादी परिशिष्ट म्हणून जोडली तर पुढच्या विद्यार्थ्याचे दोन महिने वाचतील.

मुलाखतींचं लिप्यंतर हा सगळ्यांत लपलेला खर्च. तासाभराच्या ऑडिओला सरावलेल्या माणसाचेही पाच-सहा तास जातात. पाऊण तासाच्या तीस मुलाखती म्हणजे साडेबावीस तासांचा ऑडिओ, म्हणजे शंभराहून जास्त तासांची बैठक. बाहेर दिलं आणि मिनिटाला १० ते २० रुपये दर धरला, तर १३,५०० ते २७,००० रुपये होतात. व्हिस्पर हे मोफत साधन कच्चा मजकूर काढून देतं, पण घाटकोपरच्या दुकानदाराच्या एका वाक्यात मराठी, हिंदी आणि गुजराती एकत्र आले की ते गडबडतं. नावं तर कायम चुकतात. कच्चा मजकूर यंत्राकडून आणि दुरुस्ती स्वतः, हा मधला मार्ग चांगला. ऐकता ऐकताच निम्मं विश्लेषण होतं, आणि तेच बाहेर दिलं तर ते निम्मं दुसऱ्याच्या डोक्यात राहतं.

सर्वेक्षण : करायचं का?

पुण्याच्या प्रा. व्ही. एम. सिरसीकरांनी १९६२ च्या निवडणुकीतल्या मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला तो पर्सनल कॉम्प्युटर नसतानाच्या काळात. आज गणित सेकंदात होतं. दार उघडणारा माणूस मात्र तेव्हापेक्षा दुर्मीळ झालाय.

पाच टक्क्यांच्या कमी-जास्त चुकीसाठी ३८४ उत्तरदाते लागतात, हे सगळ्यांना पाठ असतं. हा आकडा मतदारयादीतून चिठ्ठी टाकल्यासारखी नावं निवडली तरच खरा. स्टेशनबाहेर उभं राहून चारशे जणांना विचारलं तर तो लागू होत नाही, आणि गूगल फॉर्मची लिंक मित्रांना धाडली तर अजिबातच नाही.

यादीतून निवडलेली नावं घेऊन निघालं की उपनगरं आपले रंग दाखवतात. इमारत पुनर्विकासाला गेलेली असते. मतदार भाड्याने विरारला किंवा डोंबिवलीला, नाव अजून अंधेरीच्या यादीत. गेट असलेल्या सोसायटीत वॉचमन सेक्रेटरीकडे पाठवतो आणि सेक्रेटरी कमिटीची मीटिंग दाखवतो. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, कॉलेजचं ओळखपत्र आणि आदल्या आठवड्यात सेक्रेटरीला केलेला फोन, यांनी जेवढी दारं उघडतात तेवढी पैशाने उघडत नाहीत. ३८४ पूर्ण करायला यादीतून सहाशे-सातशे नावं काढून ठेवा. बोरिवली, घाटकोपर, मुलुंडमध्ये प्रश्नावली मराठीबरोबर हिंदी आणि गुजरातीतही लागते; भाषांतर दुसऱ्या माणसाकडून उलट मराठीत करून ताडून पाहा.

आता हिशेब. एक जण दिवसाला आठ मुलाखती करतो असं धरलं तर ४८ मनुष्यदिवस. रोज ८०० रुपये मानधन दिलं तर ३८,४००. प्रवास आणि चहा-नाश्त्याचे १५० धरले तर ७,२००. म्हणजे ४५,६०० रुपये. फॉर्म भरायला कोबोटूलबॉक्स मोबाइलवर ऑफलाइन चालतं आणि एका विद्यार्थ्याच्या कामाला त्याची मोफत योजना पुरते, त्यामुळे छपाई आणि डेटा एंट्री वाचते. माझं मत विचाराल तर एकट्या विद्यार्थ्याने ३८४ च्या मागे लागूच नये. फॉर्म २० चं केंद्रवार विश्लेषण आणि नीट निवडलेल्या पंचवीस-तीस मुलाखती यांतून नोटाबद्दल जास्त कळेल, आणि खर्च तिसऱ्या हिश्श्यात येईल. मानधन मात्र ठरलेलं आणि वेळेवर द्या. कनिष्ठ विद्यार्थ्यांना ‘अनुभव मिळेल’ म्हणून फुकट राबवण्याची प्रथा आपल्याकडे आहे, ती वाईट आहे.

शिकायचं कुठे

स्टेशनाबाहेर ‘डेटा अ‍ॅनालिटिक्स’चे फलक लावलेल्या क्लासची फी चाळीस-पन्नास हजारांपासून पुढे असते. ते कोर्स नोकरीसाठी आहेत. तिथे विक्रीचे डॅशबोर्ड शिकवतात, नमुना निवड शिकवत नाहीत. एनपीटेलचे कोर्स मोफत आहेत. प्रमाणपत्राच्या परीक्षेला १,००० रुपये. पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात आर, क्यूजीआयएस आणि लिब्रेऑफिसचे छोटे व्हिडिओ मोफत आहेत आणि बऱ्याच मालिकांना मराठी निवेदन आहे. आयसीएसएसआरच्या अर्थसाहाय्यावर भरणाऱ्या दहा दिवसांच्या संशोधनपद्धती कार्यशाळांवर लक्ष ठेवा. आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातच, जे. पी. नाईक भवनात आहे. ‘आर फॉर डेटा सायन्स’ हे पुस्तक लेखकांनीच इंटरनेटवर मोफत ठेवलं आहे, विकत घेऊ नका.

पुस्तकं, नियतकालिकं, येणं-जाणं

१ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे सरकारी विद्यापीठांत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी असाल तर ग्रंथालयातून लॉगिन मागून घ्या आणि एकेका लेखाला तीस-चाळीस डॉलर भरू नका. विनाअनुदानित कॉलेजात असाल तर जेस्टोरवर स्वतःच्या नावाने खातं काढा : महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात, ‘ईपीडब्ल्यू’चे जुने अंकही त्यात आहेत. आधी झालेले प्रबंध शोधगंगेवर मोफत.

कलिन्याला जाताना अंधेरी-बोरिवलीकरांनी सांताक्रूझ आणि मुलुंड-घाटकोपरकरांनी कुर्ला गाठावं, पुढे बस. बेस्टचं किमान भाडं साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये आहे, रिक्षाचं २६. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रोचं भाडं १० ते ४०. आठवड्यातून दोनदा जाणार असाल तर वर्षाचा प्रवासखर्च तुमच्या सगळ्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त होणार; बजेटमध्ये त्याला वेगळी ओळ द्या. फोर्टातल्या राज्य पुराभिलेखागाराची किंवा एशियाटिकची कामं साठवून एकाच दिवशी उरका.

शेवटचा टप्पा साहित्यचोरी तपासणीचा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ‘शोधशुद्धी’ योजनेखाली विद्यापीठांना हे तपासणीचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यामुळे तपासणी ग्रंथालयातूनच करून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात पैसे देऊन काढलेला अहवाल विद्यापीठ मानेलच असं नाही, आणि काही ठिकाणी तुमचा मजकूर त्यांच्या साठ्यात जातो. पुढे अधिकृत तपासणीत तुमचाच प्रबंध तुमच्या प्रबंधाची नक्कल म्हणून दिसतो. ‘साम्य कमी करून देतो’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा, तो फक्त तुमचे शब्द बिघडवून देतो. अहवालावर मार्गदर्शकांची सही झाल्यावरच प्रती बांधायला टाका. पुठ्ठा चढल्यावर एक पान बदलायचं झालं तर पूर्ण प्रत पुन्हा बांधावी लागते.